फोटो फाटलाय हे आधी कुणाला कळतं, तोंडाला का मेंदूला?

अंबाजोगाईला माझ्या मावसभावाचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, दहावीला नव्वद टक्के, सगळं एकाच मशीनमधून निघतं, आणि दिवसातनं पाच-सहा वेळा तरी तिथं एकच वाद होतो. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं, चॅटवर आलेला फोटो दाखवतं आणि म्हणतं हा टाक मोठा करून, दहा बाय पंधरा. भाऊ म्हणतो, "मामा, हा फाटतोय. ओरिजिनल पाठवा." मामा मोबाईल डोळ्याजवळ नेतात, लांब धरतात, परत जवळ नेतात. "कुठं फाटलाय रे? चांगला तर दिसायलाय की."

गंमत ही की दोघंही खरंच बोलायलेत. मोबाईलच्या स्क्रीनवर तो फोटो खरंच चांगला असतो आणि फ्लेक्सवर गेला की त्याच माणसाच्या नाकाचे चौकोन चौकोन होतात. मग फोटोची क्वालिटी नेमकी असते कुठं, फाईलमधी, स्क्रीनवर, का बघणाऱ्याच्या डोक्यात?

हा प्रश्न आत्ताच डोक्यात यायचं कारण म्हणजे सध्या मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या पट्ट्या आणि हेडफोन यांच्या रील लई फिरायल्यात, त्यातल्या एकीत म्हणलं होतं की पुढं टीव्हीचं चित्र चांगलं का वाईट हे माणसाला न विचारता थेट मेंदूला विचारणार. आमच्या ग्रुपमधी अर्धे म्हणले थोतांड आहे, अर्धे म्हणले आता मनातलं पण काढून घेतेत का काय हे. खरं काय आहे ते जमेल तसं सांगतो, आणि सुरुवात फ्लेक्सच्या दुकानातनंच करतो कारण तिथं निम्मं समजतं.

फाटतो म्हणजे नेमकं काय होतं

फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत ठिपके, पिक्सेल. 12 मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे एका फोटोत 1 कोटी 20 लाख ठिपके, आणि एका ठिपक्याला लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे, म्हणजे सगळं जसंच्या तसं साठवलं तर एक फोटो 36 एमबीचा होईल. पण चॅटवर आलेला फोटो बघा, काही शे केबीचा असतो. राहिलेलं गेलं कुठं? टाकून दिलं. ह्यालाच कॉम्प्रेशन म्हणायचं, आणि त्यातली सगळी अक्कल कशात आहे तर डोळ्याला कळणार नाही तेवढंच टाकायचं.

फोटोची जी जेपीईजी पद्धत आपण सगळे वापरतो, 1992 ला तिचं स्टँडर्ड ठरलं, ती फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात उजेड-अंधाराचा मोठा मोठा फरक ठेवते आणि बारीक कलाकुसर गोल आकड्यात बसवते, वाण्यानं 98 रुपयाचे 100 करावेत तसं. ह्यामागचं गणित 1974 ला छापून आलं, ते मांडणाऱ्या तिघांची नावं नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव, आणि ह्यातले नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. जगातला जवळपास प्रत्येक फोटो ह्या गणितातनं जातो आणि आपल्याकडं त्यांचं नाव कुणाला माहीत नाही, असो.

आता फार टाकलं की त्या आठ-आठच्या चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. फोटो "फाटला" म्हणतो तो हाच प्रकार. मामाच्या फोटोचा हिशोब करून बघू. चॅटमधून येताना तो आडवा 1600 ठिपक्यांचा झाला असं धरा. पंधरा फूट फ्लेक्सवर पसरला की एक एक ठिपका जवळजवळ 3 मिलीमीटरचा झाला. धडधाकट नजरेला एक मीटरवरून साधारण 0.3 मिलीमीटरचा बारकावा कळतो, दहा मीटरवरून 3 मिलीमीटरचा, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून ठिपका कळतोय न कळतोय असा. इथपर्यंत मामा बरोबर. पण आठ ठिपक्यांचा चौकोन त्या फ्लेक्सवर सव्वादोन सेंटीमीटरचा होतो, बोराएवढा, आणि बोर रस्त्याच्या पलीकडून दिसतं. इथं भाऊ बरोबर.

ह्यात आणखी एक भानगड आहे. एकाच फोटोत खाली हुरड्याला आलेली ज्वारी आहे आणि वर मोकळं आभाळ आहे. दोन्हीकडं सारखीच टाकाटाकी केली तर ज्वारीत काही कळत नाही, तिथं आधीच एवढी पानं, कणसं, सावल्या आहेत की चौकोन त्यातच लपतात. आभाळात मात्र तेच चौकोन पाटावर सांडलेल्या हळदीसारखे उठून दिसतात. माहिती किती गेली आणि डोळ्याला किती खुपलं, हे दोन वेगळे हिशोब आहेत. पुढचा सगळा खटाटोप ह्याच्यामुळं आहे.

कॉम्प्युटरला मोजता येत नाही का?

येतं की. सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे मूळ फोटो आणि दाबलेला फोटो शेजारी ठेवायचे, ठिपक्याला ठिपका लावून वजाबाकी करायची आणि फरकाची बेरीज मारायची. सोपं आहे, झटपट आहे, पण अडाणी आहे. अख्खा फोटो चिमूटभर उजळ केला तर वजाबाकी मोठी येते पण बघणाऱ्याला काही वाटत नाही, आणि नवरीच्या गालावर एक डाग पडला तर वजाबाकी एवढीशी येते पण लग्नाच्या अल्बमचे पैसे बुडतात.

मग शहाण्या फुटपट्ट्या आल्या. 2004 ला एसएसआयएम नावाची आली, ती ठिपके मोजत बसत नाही, चित्राची ठेवण टिकली का ते बघते, आणि ती टीव्हीच्या धंद्यात एवढी उपयोगी पडली की 2015 ला तिला इंजिनिअरिंगचं एमी अवॉर्ड मिळालं. 2016 ला नेटफ्लिक्सनं आपली व्हीएमएएफ उघड केली. पण व्हीएमएएफला चांगलं-वाईट शिकवलं कुणी? माणसांनी दिलेल्या मार्कांनी. म्हणजे फुटपट्टी कितीही भारी आणा, तिच्यावरच्या खुणा शेवटी माणसाला विचारूनच मारलेल्या.

मग माणसालाच विचारा, वायरी कशाला?

विचारतात ना, पन्नास वर्षं विचारायलेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा, म्हणजे आयटीयूचा, ह्यासाठी एक नियम आहे, बीटी.500 नावाचा, पहिल्यांदा 1974 ला आला. त्यात खोलीत उजेड किती हवा, टीव्हीपासून किती लांब बसवायचं, निदान 15 माणसं हवीत, एका बैठकीला अर्ध्या तासापेक्षा जास्त ताणायचं नाही, सगळं लिहिलंय. माणसं चित्र बघतात आणि 5 पासून 1 पर्यंत मार्क देतात, 5 म्हणजे एकदम झकास आणि 1 म्हणजे बेकार. सगळ्यांच्या मार्कांची सरासरी काढली की झाली त्या चित्राची क्वालिटी.

ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही बीड-परभणीच्या माणसाला विचारा "कसा आलाय फोटो?" आणि उत्तर येईल "बरा आहे की". आता ह्या "बरा आहे" चे किती मार्क? आमच्याकडं जेवण लई आवडलं तरी "बरं झालंय" आणि भाजी खारट झाली तरी पाहुणा "बरी आहे" च म्हणणार. हे काही मराठवाड्याचंच नाही, सगळ्या जगात आकडा देताना प्रत्येकाची फुटपट्टी वेगळी असते, कुणी 5 द्यायला हात आखडतं, कुणी 2 च्या खाली उतरतच नाही. वीस मिनिटांनी कंटाळा येतो आणि मग बोट जाईल तिथं मार्क पडतात. शिवाय "चूक शोधा" म्हणून बसवलं की माणूस चुकाच बघत बसतो, घरी मॅच बघताना त्याच त्याला कधी दिसल्या नसत्या.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे काठावरचा फरक, इतका बारीक की माणूस स्वतःच ठरवू शकत नाही दिसला का नाही. व्हिडिओ दाबणाऱ्या कंपनीला नेमकी तीच जागा हवी असते. त्या रेषेच्या एवढुसं वर राहिलं तर डाटा फुकट जातो, खाली गेलं तर लोक ओरडतात. आणि तिथंच माणसाचं तोंड सगळ्यात कमी भरवशाचं असतं.

डोक्यावरच्या टोपीला काय ऐकू येतं

माझ्या भाच्याला फिटचा त्रास होता म्हणून लातूरला त्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला होता, तेव्हा पहिल्यांदा हे जवळून बघितलं. आई त्याला डोक्याची पट्टी म्हणते, छातीची असते तशी. आदल्या दिवशी सांगितलं होतं शाम्पूनं डोकं धुवा, तेल लावू नका, पोराला रात्री कमी झोपवा. आईनं सगळं ऐकलं आणि सकाळी निघताना सवयीनं पोराच्या टाळूवर बोटभर तेल घातलं. तिथल्या ताईंनी परत नळाखाली नेऊन डोकं धुवायला लावलं, कारण तेलाच्या थरातून सिग्नल नीट येत नाही. मग त्यांनी टेप घेतली, नाकाच्या वरच्या खाचेपासून मागच्या डोक्याच्या उंचवट्यापर्यंत माप घेतलं, त्याच्या दहा टक्के, वीस टक्के अशा अंतरावर पेन्सिलीनं खुणा केल्या, खुणेखुणेवर कातडी पुसून जराशी पेस्ट आणि त्यावर वायरीची चकती. भाचा आरशात बघून म्हणला मी शेवग्याचं झाड दिसायलोय.

प्रयोगात ह्याच चकत्या टोपीत बसवलेल्या असतात. ही चकती आत काही सोडत नाही, नुसती ऐकते. मेंदूत साधारण 8600 कोटी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या बारीक हालचालीनं बोलतात. एका पेशीचं बोलणं कवटीच्या बाहेर येत नाही. पण हजारो-लाखो पेशी एकाच वेळी एकाच तालात बोलल्या की त्याचा पुसटसा अंश टाळूवर पोचतो.

गावात सप्ताह चालू असताना फाट्यावर उभं राहून बघा. मंडपात कोण कुणाशी काय बोलतंय ते तिथनं कळणं शक्य नाही. पण सगळ्यांनी मिळून गजर धरला की फाट्यावर कळतं. कीर्तनात हशा पिकला तेही कळतं. विनोद काय झाला ते कळत नाही. ईईजी हे फाट्यावरचं ऐकणं आहे, हे नीट डोक्यात ठेवा, निम्म्या अफवा इथंच मरतात.

जर्मनीतल्या हान्स बर्गर ह्या डॉक्टरांनी 1924 ला माणसाच्या डोक्यावरून हे पहिल्यांदा नोंदवलं आणि 1929 ला छापलं. हा सिग्नल असतो किती, तर काही दहा मायक्रोव्होल्ट. रिमोटच्या सेलचे दीड व्होल्ट असतात, 50 मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग.

आणि एक गोष्ट, डोळे पुढं असले तरी बघण्याचं पहिलं ऑफिस मेंदूत मागच्या बाजूला आहे, लहानपणी जिथं टपली बसायची तिथं. म्हणून चित्राच्या कामात मागच्या चकत्यांकडं जास्त कान लावतात.

टाळ आणि चुकलेला सूर

चित्राच्या क्वालिटीसाठी मेंदूला विचारायच्या मुख्य दोन पद्धती आहेत आणि दोन्ही मला त्याच मंडपात समजतात.

पहिली टाळाची. चांगला फोटो आणि दाबलेला फोटो एकाच जागी आलटून पालटून दाखवायचे, सेकंदाला तीनदा म्हणा, ठरलेल्या वेगानं. मेंदूला दोघांत फरक कळत असेल तर प्रत्येक बदलाला मागच्या भागात हालचाल होणार, आणि बदल ठरलेल्या तालात होतोय म्हणल्यावर हालचालही त्याच तालात. बाहेर किती का गोंगाट असेना, टाळाचा ठेका माहीत असला की कान तो बरोबर पकडतो. मशीन पण तेच करतं, बाकीच्या लहरी सोडून फक्त त्या ठरलेल्या तालाची लहर किती उंच आहे ते मोजतं. फरक ठळक असला तर लहर उंच, फरक कळलाच नाही तर टाळ बंद. बसलेल्या माणसानं मार्क द्यायचे नाहीत, बटण दाबायचं नाही, नुसतं बघायचं. "बरा आहे" म्हणायची सोयच नाही.

ही नवीन जादू पण नाही. डोळ्याच्या नसेत बिघाड आहे का बघायला दवाखान्यात काळ्या-पांढऱ्या चौकटीचा पट उलटा-सुलटा करत दाखवतात, आणि साधारण 100 मिलिसेकंदांनी मागच्या डोक्यात लाट येते का ते बघतात. उशिरा आली तर वाटेत अडथळा. इथं तेच तंत्र फोटोकडं वळवलंय.

दुसरी पद्धत चुकलेल्या सुराची. भजन चाललंय, मधीच पेटीवाल्याचं बोट भलत्या पट्टीवर पडलं की सगळी मंडळी क्षणभर मान वर करतात. वेगळं काही घडलं आणि त्याची दखल घेतली की मेंदू असंच करतो, थोड्या वेळानं एक मोठी लाट येते. तिला पी300 म्हणतात, कारण साध्या प्रयोगात ती साधारण 300 मिलिसेकंदांनंतर येते, 1965 पासून माहीत आहे. 2012 ला बर्लिनच्या संशोधकांनी ती व्हिडिओवर लावली. माणसांना आठ-आठ सेकंदांचे तुकडे दाखवले, काहींत मधीच कधीतरी क्वालिटी पाडली, आणि कळलं का ते विचारलं. क्वालिटी पडल्यावर 400 ते 600 मिलिसेकंदांनी लाट आली, सगळ्यांना आली, आणि घसरण जेवढी मोठी तेवढी लाट मोठी.

पण मला त्यातली खरी भारी गोष्ट वाटली ती पुढची. काही तुकड्यांत माणसानं बदल झाल्याचं सांगितलंच नाही, आणि त्याच तुकड्याला मेंदूची नोंद कॉम्प्युटरनं "बदल कळला" अशा खान्यात टाकली. म्हणजे आत कुठंतरी मान वर झाली होती पण तोंडापर्यंत बातमी आली नाही. काठावरच्या ज्या जागेबद्दल वर लिहिलं, तिथं साक्षीदार सापडला तो हा.

एवढ्याशा सिग्नलवर भरवसा कसा ठेवायचा?

ही शंका रास्त आहे, माझी पण होती. डोळ्याची पापणी लवली तरी तो झटका मेंदूच्या लहरीपेक्षा मोठा येतो. दात आवळले, मान हलवली, घाम आला, सगळं त्यात उतरतं. घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा घुमघुमाट तर कायमचाच. आमच्याकडं मे महिन्यात कुणी ही टोपी घालून बसला तर मेंदूपेक्षा घामाचाच आलेख निघेल.

उपाय म्हणजे परत परत मोजणं. वाऱ्यात हलणाऱ्या काट्यावर कापसाचं गाठोडं लावलं तर एकदा दोन किलो जास्त दाखवतं, एकदा दोन किलो कमी. शंभरदा लावा आणि सरासरी काढा, वाऱ्याची गडबड आपोआप एकमेकीला खाते आणि खरं वजन उरतं. गणितात हे असं बसतं की शंभर वेळा मोजलं तर गडबड दहा पटीनं कमी होते. म्हणून एकच बदल शेकडो वेळा दाखवतात, पापणीचे झटके ओळखून बाजूला काढतात आणि उरलेल्याची सरासरी घेतात. टाळाच्या पद्धतीचा फायदा हाच की तिथं सेकंदाला तीन नोंदी पडतात, म्हणजे शंभर नोंदी अर्ध्या मिनिटात.

तरी एक अडचण राहतेच. प्रत्येकाची कवटी वेगळी, केस वेगळे, मेंदूच्या घड्या वेगळ्या, म्हणून तुमची लाट 10 ची आणि माझी 6 ची आली म्हणजे तुम्हाला जास्त स्पष्ट दिसलं असं होत नाही. प्रत्येकाची तुलना त्याची त्याच्याशीच करावी लागते. आणि माणूस नेमका कुठं बघत होता हेही लागतं, कारण डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं ते फक्त मधलं थोडंसं, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर साधारण तेवढंच. चूक कोपऱ्यात आणि नजर चेहऱ्यावर, तर मेंदूला बिचाऱ्याला दोष देऊन काय उपयोग.

म्हणजे मनातलं कळतं का?

नाही. फाटा आठवा. गजर झाला एवढं कळतं, कुणाच्या मनात काय ते नाही. टोपी घालून तुम्ही फोटो बघत असताना तुम्हाला फोटोतल्या माणसाचा राग आलाय का उधारी आठवली हे त्या लाटेत लिहिलेलं नसतं.

पण अगदी निर्धास्त राहा असंही मी म्हणणार नाही. "हे ह्याला ओळखीचं, वेगळं वाटलं का" एवढं सांगणारी पी300 सारखी लाट आपल्या देशात पोलीस तपासातही वापरायचा प्रयत्न झालेला आहे, आणि 2010 ला सुप्रीम कोर्टानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक ह्या खटल्यात सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूची ही चाचणी माणसाच्या मर्जीशिवाय करता येणार नाही. चिली देशानं 2021 ला मेंदूच्या माहितीला संरक्षण द्यायला थेट राज्यघटनाच बदलली. उद्या कानातल्या हेडफोनमधी अशा चकत्या आल्या आणि कुठली जाहिरात बघताना तुमची मान आतल्या आत वर झाली हे कंपनीला कळायला लागलं, तर तो डाटा कुणाचा? माझं मत विचाराल तर सातबाऱ्यावर नाव असतं तसं तो त्या माणसाच्याच नावावर पाहिजे, "आय ॲग्री" वर एक टिचकी मारून जाता कामा नये.

कळलं म्हणजे खुपलं का?

ह्या सगळ्या विषयातलं मोठं भोक मला इथं दिसतं, आणि उत्साही लोक त्याच्यावरून पटकन उडी मारून जातात. मेंदूची लाट सांगते की फरक कळला. तो फरक आवडला का नाही हे ती सांगत नाही.

लग्नाचा अल्बम घ्या. फोटोवाला नवरीच्या चेहऱ्यावरचं सगळं बारीक गुळगुळीत करतो, रंग दोन घर उजळ करतो. मूळ फोटोशी तुलना केली तर वजाबाकीत फरक, एसएसआयएममधी फरक, मेंदूच्या लाटेत पण दणदणीत फरक. तिन्ही फुटपट्ट्या म्हणणार बिघडला. आणि नवरीकडचे म्हणणार, "आता कसा क्लिअर आला." उलट आमच्या देवघराशेजारी आजोबांचा एकुलता एक फोटो आहे, मतदान कार्डावरून मोठा केलेला, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. बीटी.500 च्या हिशोबानं 1 मार्क. काढून बघा भिंतीवरून, आई घरात घेणार नाही.

म्हणून मेंदूला विचारलं की माणसाला विचारायची गरज संपली असं जे रीलमधी म्हणतात ते काही मला पटत नाही. फरक कळतो का हे मेंदूला विचारा, तो तोंडापेक्षा नेमकं सांगतो. चालेल का, हे मात्र तोंडालाच विचारावं लागणार, मग ते "बरा आहे" म्हणो नाहीतर काही.

आपल्याला ह्याचा उपयोग काय

घरोघरी टोपी घालून कुणी मॅच बघणार नाहीये. हे काम प्रयोगशाळेत थोड्या माणसांवर करायचं, त्यातनं काठ नेमका कुठं आहे ते शोधायचं, आणि त्या आकड्यांवर कॉम्प्युटरच्या फुटपट्ट्यांच्या खुणा दुरुस्त करायच्या, एवढाच बेत आहे. मग ती सुधारलेली फुटपट्टी तुमच्या नकळत फोनमधी येऊन बसते. ज्वारीच्या शेतावर डाटा कमी खर्च कर, आभाळावर आणि चेहऱ्यावर जास्त कर, हे तिनं अजून बारकाईनं ठरवलं तर दीड जीबीच्या पॅकमधी तेवढ्याच क्वालिटीची दोन ओव्हर जास्त बघायला मिळतील. टॉवर लांब असलेल्या वस्तीवर, एक काडी रेंज असताना, शेवटच्या ओव्हरला चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं तेव्हा हा फरक शहरापेक्षा आपल्याला जास्त लागतो.

मात्र प्रयोगशाळेतली खोली अंधारी, थंड, टीव्ही ठरलेल्या अंतरावर. आपण फोन बघतो बाराच्या उन्हात, लिंबाखाली, स्क्रीनवर धूळ आणि काच तडकलेली. तिथं कळणारा बारीक फरक इथं कळेलच असं नाही. आपल्या उन्हातला काठ कुणीतरी आपल्याच उन्हात बसून मोजला पाहिजे, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्ट हवाच असतो दरवर्षी.

हे सगळं मी मावसभावाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणला, "म्हणजे गिऱ्हाईकाच्या डोक्याला वायरी लावायच्या?" मग त्यानं त्याची पद्धत दाखवली. चेहऱ्याचा दोन फुटी तुकडा, फ्लेक्सवर जेवढा येणार तेवढ्याच मापात, आधी छापतो, दुकानाच्या शटरला चिकटवतो आणि मामाला रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीपाशी उभं करतो. मामा तिकडनं ओरडतात, "बरा आहे की!" भाऊ ते ऐकतच नाही. मामांनी बघताना डोळे बारीक केले का, तेवढंच बघतो. केले असतील तर मशीन चालू करत नाही, म्हणतो ओरिजिनल मागवा.

मी म्हणलं हे तुला कुणी शिकवलं.

"उधारीनं," म्हणला.